रुपचंदचा न दिलेला होकार

निमखेड्याच्या शाळेत धुरपदाला मुख्यमंत्री केलं, त्या दिवशी तिच्या घरी कुणाला आनंद झाला नाही. खुद्द धुरपदाला तर नक्की काय झालंय तेच उमगलं नव्हतं.

स्वराज्य येऊन नऊ वर्षं होत आली होती. पांझरेकाठच्या त्या गावात सातवीपर्यंतची शाळा होती. मुलगे रगड, मुली बोटावर मोजण्याइतक्या. सातवीत तर तिघीच होत्या: धुरपदा, तानू आणि बेबा. त्या जूनमध्ये धुळ्याहून यशोदाबाई नावाच्या नव्या बाई शाळेवर आल्या. तरुण, सडपातळ, चष्मेवाल्या. आल्या आल्या त्यांनी शाळेत मंत्रिमंडळ काढलं. कुणी सफाईमंत्री, कुणी आरोग्यमंत्री, कुणी घंटा देणारा. हेडमास्तर झुलाल गुरुजींनी मान डोलावली. पण मुख्यमंत्री मुलगी असेल, असं बाईंनी सांगितलं तेव्हा गुरुजींनी तपकिरीची डबी उघडली आणि चिमूट न घेताच मिटली.

"मुलगी, बाई?"

"हो, गुरुजी. मुलगे आपोआप पुढे येतात. मुलींना कुणीतरी पुढे ढकलावं लागतं."

सगळ्यांना वाटलं, आता तानूचं नाव येणार, कारण तानू हुशार. नाहीतर बेबाचं, कारण बेबाला कुणाची भीती म्हणून नाही; ती पाटलाच्या बैलालाही ओरडून वाटेतून बाजूला करायची. बाईंनी नाव घेतलं धुरपदाचं. धुरपदा ना हुशार ना धीट. ती मागे वळून पाहू लागली, या नावाची आणखी कुणी वर्गात आहे की काय म्हणून.

घरी बापाला, सुकदेवला, ही बातमी दुसऱ्याच कुणाकडून आधी कळली होती. तो चुलीजवळ बसून भाकर खात होता.

"पुढारी?" तो म्हणाला. "गावमा काय कमी शेतस का पुढारी, ते आते घरमा बी एक?"

आईनं, भिकुबाईनं, तव्यावरची भाकर उलटली आणि साधाच प्रश्न विचारला. "म्हंजे काय करनं पडी तुले?"

धुरपदाला तेच तर कुणाला तरी विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना विचारलं. बाई हसल्या. "तुला काय वाटतं, काय करावं?"

"मला माहीत नाही, बाई."

"मग बघ. शाळेत फिर, डोळे उघडे ठेव."

धुरपदा डोळे उघडे ठेवून शाळेभर फिरली. तिला दिसलं ते रोजचंच. शाळेचा माठ मुली भरतात, आणि पाणी सगळी शाळा पिते. तिनं दोन दिवस विचार केला आणि मुलग्यांनाही पाणी भरायची पाळी लावून दिली. तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई कंबरेवर हात ठेवून शाळेच्या दारात उभी राहिली. गुरुजींनी धुरपदाला बोलावून पाळी रद्द करायला सांगितलं. तिनं केली. मग ती यशोदाबाईंकडे गेली. "बाई, माझं चुकलं का?"

"चुकलं असं तुला वाटतं?"

"पाळी लावली ते चुकलं की रद्द केली ते चुकलं, तेच कळत नाही."

बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण उत्तर काही दिलं नाही. धुरपदाला बाईंचा फार राग आला. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं ते सांगू नये, ही कसली शिकवण? आणि बाईंनाही माहीत नसेल, तर मग त्या बाई कसल्या?

असं वर्ष सरलं. धुरपदा घंटा वेळेवर होते की नाही पाहायची, लहान मुलींची भांडणं सोडवायची, कुणाची पाटी फुटली तर आपली पाटी अर्धा वेळ तिला द्यायची. याला मुख्यमंत्रीपण म्हणत असतील तर म्हणोत बापडे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

सातवीची परीक्षा धुळ्याच्या केंद्रावर असे. गावातली मुलगी त्या परीक्षेला आजवर कधी बसली नव्हती. सातवीच्या सुरुवातीला वर्गात बसायची, आणि दिवाळीनंतर तिच्या लग्नाची बोलणी निघायची. यशोदाबाईंनी वर्षभर घरोघरी जाऊन तिघींच्या आईबापांना कसंबसं तयार केलं होतं. मुलगे गुरुजींबरोबर बैलगाडीतून जाणार आणि धर्मशाळेत उतरणार होते. मुलींना त्या गाडीत बसवणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुलींना बाई स्वतः नेणार, धुळ्यात आपल्या आईच्या घरी उतरवणार आणि परत आणून सोडणार, असं ठरलं होतं. त्या एका शब्दावर सगळा होकार टांगलेला होता.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बाई हिवतापानं अंथरुणाला खिळल्या.

बाई ताईबाईंच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत. सकाळी धुरपदा तिथे गेली, तेव्हा ताईबाई त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. बाईंचे ओठ कोरडे पडले होते. दातावर दात आपटत होते. गुरुजींची गाडी पहाटेच निघून गेली होती.

"बाई, उद्या आम्ही कशा जाणार?"

बाईंनी डोळे उघडले. चष्मा नसलेले ते डोळे धुरपदाला अनोळखी वाटले.

"तू आहेस ना," बाई पुटपुटल्या. "तू बघ." आणि पुन्हा डोळे मिटले.

ताईबाई म्हणाल्या, "जाय बेटा. बाईले झोपू दे."

धुरपदा बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिली. काय बघ? कुणाला बघ? वर्षभर बाई हेच म्हणत आल्या होत्या, पण तेव्हा माठ होता, घंटा होती. आता परवाची परीक्षा होती आणि तीन घरं होती. रडावं की खळ्यावर जाऊन आईला गहू उफणू लागावं, तिला कळेना. शेवटी पाय आपसूकच तानूच्या घराकडे वळले.

तानूचा बाप तोताराम ओट्यावर दोर वळत बसला होता. शांत, मोजकं बोलणारा माणूस. पण एकदा नाही म्हणाला की गावातल्या कुणालाही ते फिरवता येत नसे. बाईंच्या तापाची खबर त्याला पोचली होती.

"बाई नही, ते मंग पोरीस्ना संगे कोन जाई?" त्यानं विचारलं.

धुरपदाच्या तोंडून निघून गेलं, "मनी माय येनार शे."

भिकुबाईला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती खळ्यावर होती.

तोतारामनं दोर बाजूला ठेवला. "नि रुपचंद? तो धाडी राह्यना का बेबाले?"

रुपचंद म्हणजे बेबाचा बाप. त्याच्या घरी धुरपदा अजून गेलीच नव्हती. दाराआड तानू उभी होती; तिच्या साडीचा काठ तेवढा दिसत होता. तो काठ हलेना. धुरपदाला वाटलं, आपण नाही म्हणालो तर तो काठ तसाच आत वळेल आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही.

"हो म्हनना," ती म्हणाली.

तोतारामनं नदीकडे पाहिलं, दोर पुन्हा हातात घेतला, दोन पीळ दिले. "रुपचंद धाडी राह्यना, ते मंग मी बी धाडस."

तिथून धुरपदा जवळजवळ धावतच बेबाच्या घरी गेली. रुपचंदनंही तेच विचारलं. "तोताराम धाडी राह्यना का?"

"हो म्हनना," धुरपदा म्हणाली.

आता हे तर खरंच होतं. तोताराम हो म्हणालाच होता. रुपचंदनं मांडीवर थाप मारली. तोताराम, जो पोरीला नदीवरही एकटी सोडत नाही, तो धाडतो म्हणजे मग काही हरकत नाही. म्हणजे तोतारामला सांगितलेलं खोटं आता खरं झालं होतं. खळ्याकडे जाताना धुरपदा हा गुंता सोडवत राहिली. आधी खोटं होतं, घटकाभरात खरं झालं. मग ते खोटं कुठे गेलं? गेलं की आहे अजून? आणि आईचं काय?

आईला सांगितलं तेव्हा भिकुबाई सुपात गहू घेऊन उभी होती. वारा पडला होता, म्हणून उफणणी थांबली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"बठ्ठास्ले सांगी दिधं, नि माले आते सांगस?"

धुरपदा सांडलेले गहू वेचू लागली.

पलीकडून सुकदेव म्हणाला, "गहू खयामा पडेल शे. नि तू धुयाले जाशी?"

 धुळ्याला भिकुबाई आयुष्यात एकदाच गेली होती, लहानपणी, बापाच्या खांद्यावर बसून. तिनं गव्हाच्या राशीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग सुकदेवकडे.

"गहू काही पयी जावाव नही. मी जासु," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुकदेवनं चौघींना गाडीतून आग्रा रोडपर्यंत सोडलं. वाटभर तो बैलांकडेच बघत राहिला. येष्टी आली तेव्हा मात्र त्यानं भिकुबाईचं बोचकं स्वतः वर चढवून दिलं.

धुळ्यात उतरल्यावर भिकुबाईनं धुरपदाचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मोटारी, टांगे, हातगाड्या. आणि पुढे गल्ल्या. सरळ, एकीसारखी दुसरी, जणू कुणी दोरी लावून आखलेल्या. यशोदाबाईंनी सांगून ठेवलं होतं: पाचवी गल्ली, दारात कडुनिंब. पण पाचवी कुठून मोजायची, नदीकडून की बाजाराकडून? धुरपदा थांबली. तिच्याबरोबर सगळ्या थांबल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ती मुख्यमंत्री होती ना.

"मला माहीत नाही," धुरपदा म्हणाली.

"मग विचारू या की," म्हणत बेबा सरळ एका कापडवाल्याच्या दुकानात शिरली. कापडवाल्यानं एकीकडे हात दाखवला. तानूनं भिंतीवरचे आकडे वाचत गल्ल्या मोजल्या. धुरपदानं काही केलं नाही. ती नुसती आईचा हात धरून मागून चालत राहिली. तरी घर सापडल्यावर बेबा म्हणाली, "पोचवलंस बाई आम्हाला." धुरपदाला हे थट्टेनं म्हटलंय की खरंच, ते समजलं नाही.

बाईंच्या आईला सगळे आक्का म्हणत. लेकीच्या तापाची बातमी ऐकून त्या घाबरल्या, पण मुलींना त्यांनी पोटभर जेवू घातलं. संध्याकाळी तिघी अंगणात कडुनिंबाखाली पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. भिकुबाई पलीकडे आक्कांना शेंगा निवडू लागत होती. बोलता बोलता बेबा म्हणाली, "आबा तर नाहीच म्हणणार होते. पण तुझे वडील पाठवतात म्हटल्यावर तयार झाले."

तानूनं पुस्तक मिटलं. "माझे वडील? ते तर तुझे आबा पाठवतात म्हणून तयार झाले."

दोघी एकदम धुरपदाकडे वळल्या.

"तू आधी कुणाकडे गेलीस?" तानूनं विचारलं.

"तुझ्याकडे."

"मग तेव्हा बेबाच्या आबांनी कुठे हो म्हटलं होतं?"

धुरपदानं मान खाली घातली. बेबा आधी हसली. मग तानूचा चेहरा पाहून तिचंही हसू मावळलं.

"मी दाराआडून सगळं ऐकत होते," तानू म्हणाली. "मला वाटलं, खरंच बोलतेस. वडिलांना कळलं, तर परत कधी माझ्यावर विश्वास ठेवतील? खोटं तू बोललीस, पण माझ्यासाठी बोललीस असंच ते धरतील."

"मी नसते बोलले तर तू इथे असतीस का?"

"नसते. पण मी तुला बोल म्हणाले होते का?"

 शेंगा निवडताना भिकुबाईचे हात थांबले होते. ती उठून लेकीजवळ आली. आता आई रागावणार असं धुरपदाला वाटलं, आणि रागावली असती तर बरंही वाटलं असतं.

"खोटं ते खोटं," भिकुबाई म्हणाली. "पन आते पेपर दे. बाकीनं घर गयावर देखसूत."

पेपर झाले. तानू धुरपदाशी कामापुरतं बोलत होती. गणिताच्या पेपरात धुरपदाची नजर एकाच उदाहरणावर अडकली. एकाच्या भावावर दुसऱ्याचा भाव ठरतो, असं काहीतरी ते होतं. तिला त्यात तोताराम आणि रुपचंद दिसू लागले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोराच होता.

गावी परतल्यावर भिकुबाईनं एक दिवसही जाऊ दिला नाही. लेकीला पुढे घालून ती तोतारामच्या ओट्यावर गेली. "बोल," एवढंच म्हणाली. धुरपदानं सांगितलं. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

तोतारामनं हातातला दोर खाली ठेवला.

"माले सरळ सांगतीस, ते मी नही म्हनतू," तो म्हणाला. "हाई बी खरं शे. पोर पेपर दीसन उनी, हाऊ माले आनंद शे. हाई बी खरं शे. आते तुले मारू का काय करू, माले काही समजी नही राह्यनं."

त्यानं मारलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस धुरपदा समोरून दिसली की तो दुसरीकडे बघायचा.

यशोदाबाई तोवर उठून बसू लागल्या होत्या. ताईबाईंनी दिलेली पेज पीत होत्या. धुरपदानं त्यांनाही सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, तू बघ म्हणून."

बाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "मी असं म्हणाले?"

"हो. ताप होता तेव्हा."

"मला आठवत नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "खरंच आठवत नाही. मला तर वाटलं होतं, यंदाची परीक्षा बुडाली. तुम्ही गेलात हे मला ताईबाईंनी दोन दिवसांनी सांगितलं."

 ज्या शब्दाच्या भरवशावर धुरपदा दारोदार फिरली होती, तो शब्द बाईंनी दिलाच नव्हता. तापानं दिला होता.

"मग मी केलं ते चांगलं की वाईट?" तिनं विचारलं. या खेपेला तरी बाईंनी उलट प्रश्न विचारू नये असं तिला फार वाटत होतं.

बाईंनी विचारला नाही. "मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर मी फार मोठं ओझं टाकलं, एवढं कळतं. मी तुला वर्षभर नुसतं 'बघ, बघ' म्हणत राहिले. कधीतरी तुझ्या शेजारी उभं राहून बघायला हवं होतं."

 ताईबाई आतून पेज वाया चालली म्हणून कुरकुरत होत्या.

निकाल लागला. तानू वरच्या गुणांनी पास झाली. बेबा कशीबशी पास झाली. धुरपदा गणितात नापास झाली.

पुढे जे झालं त्यानं तिचा गोंधळ आणखीच वाढला. बेबा पास झाली म्हणून साक्रीकडच्या एका घरातून तिला लगेच मागणी आली. मुलाकडच्यांना शिकलेली सून हवी होती. मे महिन्यात बेबाचं लग्न उरकलं. मांडवात बेबा धुरपदाच्या कानाशी लागून म्हणाली, "नापास झाले असते तर वर्षभर तरी सुटले असते." म्हणताना ती हसत होती, आणि डोळे भरलेले होते. तानूला मात्र तोतारामनं आपण होऊन धुळ्याला धाडलं, आक्कांच्या घरी राहून हायस्कूलला जायला. जाताना तानू धुरपदाच्या घरी आली. "मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली, आणि धुरपदाच्या हातात आपलं गणिताचं पुस्तक ठेवून गेली.

म्हणजे एकीचं लग्न झालं, एकीला शाळा मिळाली आणि मुख्यमंत्री नापास. यात आपण काय चांगलं केलं आणि काय बिघडवलं, याचा हिशेब धुरपदाला काही केल्या लागेना.

सुकदेव म्हणाला, आता पुरे झालं. पोर घरात कामाला लागू दे. त्यावर भिकुबाईनं हातातलं काम थांबवलं नाही की आवाज चढवला नाही.

"परत बसी ती," ती म्हणाली. "मी परत जासु तिना संगे."

सुकदेवनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई घरात नवीनच आली आहे. धुळ्याच्या त्या गल्ल्यांतून हिंडून आल्यापासून तिच्यात काय बदललं ते त्याला सांगता आलं नसतं. 

जूनमध्ये धुरपदा पुन्हा सातवीच्या वर्गात बसली. आजूबाजूला तिच्याहून लहान मुली होत्या. यंदा त्या पाच होत्या. नव्या मंत्रिमंडळाची निवड निघाली, तेव्हा यशोदाबाईंनी या वेळी कुणाचं नाव घेतलं नाही. मुलींनाच विचारलं. मुलींनी आपसात कुजबुज केली आणि रुपचंदची धाकटी मुलगी सुनंदा उठून म्हणाली, "धुरपदाक्का."

झुलाल गुरुजी दारात उभे होते. "अगं, ती नापास झाली आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे, गुरुजी," सुनंदा म्हणाली.

 शाळा सुटल्यावर धुरपदानं सुनंदाला वाटेत गाठलं. "मीच का गं? मला येतं काय?"

सुनंदाला या प्रश्नाचं नवल वाटलं. "परीक्षाना टाइमले तू आमना घर येशी म्हनीसन," ती म्हणाली आणि पळाली.

धुरपदा तिथेच उभी राहिली. पाच मुली म्हणजे पाच घरं. आणि या वेळी प्रत्येक बाप विचारणार, दुसरा धाडतोय का. खोटं तर आता बोलायचं नव्हतं. मग पहिल्या घरी काय सांगायचं? कुणीतरी आधी हो म्हणाल्याशिवाय दुसरा हो म्हणत नाही, आणि आधी हो कुणीच म्हणत नाही. तिला काही सुचेना. वैशाख गेला होता, परीक्षेला अजून बरेच महिने होते. तरी ती घरी जायच्याऐवजी यशोदाबाईंच्या खोलीकडे वळली, आणि दाराशी जाऊन म्हणाली, "बाई, पाचही बापांना एका जागी बसवलं तर? तुम्ही आणि माय, दोघी याल का माझ्याबरोबर?"

बाईंनी चष्मा पुसला. चपला पायात सरकवल्या. "चल," त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या आईला विचारू. या वेळी आधी."